फिटच्या गोळ्या, यकृत आणि रक्त



फिट येऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. त्या क्वचित यकृताला आणि रक्ताला बाधतात, हे घरच्यांना ठाऊक हवे.

अमेरिकेत १९९३ साली फेल्बामेट या औषधाला मान्यता मिळाली. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे विरळ धोका तिथे दिसला नाही. लाखभर लोकांनी ते घेतल्यावर काहींच्या हाडांतील मज्जेने रक्तपेशी तयार करणेच थांबवले, काहींचे यकृत निकामी झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला.

आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटनेही कधीतरी यकृताला गंभीर इजा होते. सर्वांत जास्त धोका दोन वर्षांखालच्या, एकाहून अधिक औषधे घेणाऱ्या बाळांना, आणि तोही बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. मोठ्या डोसने प्लेटलेटही घटतात. कार्बामाझेपिनने पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात, मज्जा बंद पडणे मात्र फार विरळ. फेनिटॉइनने शरीरातले फॉलिक ॲसिड घटून रक्तक्षय होऊ शकतो.

डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावेच. मात्र रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांतही दुखणे सुरू होऊ शकते. खरी राखण घरातच होते. मूल मलूल झाले, जेवण नको म्हणू लागले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, आटोक्यातल्या फिट पुन्हा येऊ लागल्या, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका. ताप, घसादुखी, तोंड येणे, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, मार न लागता उठलेले काळेनिळे डाग, यांपैकी काहीही दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काविळीची शंका आली की आपल्याकडे गोळ्या बंद करून झाडपाल्याचे औषध आणतात. तसे करू नका. गोळी एकदम थांबवली तर फिटवर फिट येत राहून जीवावर बेतू शकते. औषध थांबवायचे की बदलायचे, हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांच्याकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घाला. कोणी दिलेली पुडी असेल तर तीही लपवू नका.