रात्रपाळी कोणाच्या वाट्याला?

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



पौषातल्या थंडीत झाडीपट्टीतला शेतकरी मध्यरात्री घोंगडी पांघरून, हातात विजेरी घेऊन शेतावर निघतो, तो हौसेने नव्हे. त्याच्या वाट्याची थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची असते, एवढेच कारण. पारा दहा अंशांखाली उतरलेला. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत रानडुकराची व अस्वलाची धास्ती निराळीच. हरभरा आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे याच दिवसांत पाणी मागतात. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात, दाब उतरतो, आणि एखाद्या रात्री रोहित्र, म्हणजे गावच्या बोलीतली डीपी, जळून जाते. दुसरी येईपर्यंत गावाने काय करावयाचे? चक्की बंद पडली की बाया दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जातात. ऐपत असेल तो डिझेल इंजिन भाड्याने आणतो, नसेल त्याचे पऱ्हे पिवळे पडतात. कंदील पेटवावा, तर गॅसजोडणी आलेल्या घरांचे रेशनचे रॉकेल बंद झालेले. मंडईचे नाटक मात्र जनरेटरवर रात्रभर चालते! झाडीपट्टीचा हा जिवटपणा कौतुकास्पद खराच. पण लोक सोसतात म्हणून ते सोसणे न्याय्य ठरत नाही.

विजेचा तुटवडा आहे, हे उत्तर गोंदियात तरी कोणी देऊ नये. याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅटचे खाजगी औष्णिक केंद्र २०१२ ते २०१४ या काळात उभे राहिले. तिथली वीज अतिउच्च दाबाच्या तारांवरून पश्चिमेकडे जाते. राख जिल्ह्यात राहते. तेव्हा प्रश्न उत्पादनाचा नसून वाटपाचा आहे, आणि वाटपात मेगावॅटइतकेच घड्याळाला महत्त्व आहे. दिवसाचे तास कोणाला आणि रात्रीचे कोणाला? २००५ नंतरच्या भारनियमनात ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात असताना २००६ मध्ये पुणे शहराने वाढीव आकार भरून त्यातून सुटका करून घेतली. ज्याच्याजवळ पैसा, त्याला प्रकाश, या नियमाला तेव्हा ‘मॉडेल’ असे नाव मिळाले.

२०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल राज्य शासनाने माफ केले. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु मोडलेली झोप, सर्पदंश, जळालेली मोटर यांची किंमत बिलात कधी नव्हतीच. ती माफ कशी होणार? फुकटच्या रात्रीपेक्षा दिवसाचे आठ तास शेतकऱ्याला अधिक मोलाचे आहेत. शेतीवाहिन्यांना सौरऊर्जेची जोड देण्याची २०१७ ची योजना याच दिशेची आहे, म्हणून तिचा पाठपुरावा आपणच केला पाहिजे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही हवे. कोहळी समाजाच्या कसबाने उभारलेल्या या भागातील तलावांचे पाणी उतारानेच शेतात जाते; त्याला डीपी लागत नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते योग्यच झाले, आपल्या विचाराच्या लोकांनी त्याचे स्वागत केले. पण तलाव सरकारजमा झाले, गावजमा झाले नाहीत. गाळ साचत गेला, पाळी फुटल्या, आणि ज्याला परवडले त्याने बोअर मारली. ‘मामा तलाव’ हे लाडके नाव तेवढे उरले. गाळ काढणे व पाणीवाटप ग्रामसभेच्या हाती देण्याची मागणी विजेच्या मागणीपासून वेगळी काढता येणार नाही.

तोवर करण्यासारखे एक काम आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ५७ व्या कलमाने, सेवेची ठरलेली मानके न पाळल्यास ग्राहकाला भरपाईचा हक्क दिला आहे. तो मागायला कागद लागतो. म्हणून प्रत्येक शाखेने या हिवाळ्यात एक वही घालावी: कोणत्या गावची डीपी कोणत्या तारखेला जळाली, तक्रार केव्हा नोंदवली, क्रमांक काय, बदलून केव्हा आली. फेब्रुवारीअखेर या वह्या एकत्र करून वीज नियामक आयोगापुढे मांडता येतील.