दार उघडं ठेवून



दिवाळीच्या कार्यक्रमात एका ख्रिस्ती मराठी माणसाला श्रद्धेवर बोलायला उभं केलंत, याबद्दल आधी आभार. प्रवचन देणार नाही. चहा थंड व्हायच्या आत संपवतो.

सुरुवात आपण राहतो त्या देशापासूनच करू. आर्चिबाल्ड बॅक्स्टर हा ओटागोचा शेतकरी. येशूच्या शिकवणीत माणूस मारणं बसत नाही, म्हणून मी युद्धावर जाणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. १९१६ च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यात सूट होती, पण ती क्वेकरांसारख्या मोजक्या पंथांना. एकट्या माणसाच्या सद्सद्विवेकासाठी त्या फॉर्मात रकानाच नव्हता! १९१७ मध्ये त्याच्यासह चौदा जणांना जहाजावर चढवून युरोपात धाडलं. तिथे आघाडीजवळ, कडाक्याच्या थंडीत, त्याला तासन्‌तास खांबाला बांधून ठेवत. शेवटपर्यंत न वाकलेले दोघंच, बॅक्स्टर आणि मार्क ब्रिग्ज. बाकीच्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मात्र खुर्चीत बसलेल्या आपल्याला नाही.

बॅक्स्टरवरचं दडपण सरकारचं होतं, म्हणजे डोळ्यांना दिसणारं. आपल्याच माणसांचं दडपण जास्त अवघड असतं. ते प्रेमाच्या, काळजीच्या भाषेत येतं. ते कसं पेलायचं हे पाहायला आपल्या पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेज इथे, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला, हे आपण ऐकलेलं असतं. तिकडे काय झालं ते कमी ठाऊक असतं. त्यांना मायेनं सांभाळणाऱ्या सिस्टर्सची अपेक्षा होती की चर्च सांगेल ते बाईंनी मुकाट्यानं मानावं. बाई प्रश्न विचारत राहिल्या. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. शाकाहारही सोडला नाही. इकडचे म्हणाले धर्म बुडवला, तिकडचे म्हणाले अहंकार जात नाही!

पुढे ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. कोणाला धर्म शिकवायचा नाही, हे ठरलेलं होतं. पण बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. झालं, 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

दार लावून घेतलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. बाईंनी लावलं नाही.

हा निर्णय मला सोपा वाटत नाही. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. आणि ज्यांचं शिक्षण सुटलं, त्या मुलींनी किंमत मोजलीच. पण दुसरी बाजूही पाहा. सदनात पहिल्यांदा आलेल्या विधवांपैकी गोदूबाई तिथे शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. १८९३ मध्येच त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे. म्हणजे त्या दारातून कोणी आत यावं अशी सक्ती नव्हती, आणि आली नाही म्हणून कोणाला बाहेरही काढलं नाही.

माझ्या मते निष्ठा आणि हट्ट यांत फरक आहे तो इथे. हट्टी माणूस दुसऱ्याला वाकवायला बघतो. निष्ठावान माणूस स्वतः वाकत नाही, पण समोरच्याला मोकळं ठेवतो.

आपल्याला इथे कोणी खांबाला बांधणार नाही. आपली परीक्षा छोटी असते. चाचणी झालेली नसताना ऑफिसात कोणी 'झाली असं लिहून टाक' म्हणतं, तेव्हा. किंवा घरातली सोळा वर्षांची मुलगी 'मला हे पटत नाही' म्हणते, तेव्हा. पहिल्या वेळी ठाम राहायचं. दुसऱ्या वेळी आपली प्रार्थना, आपली आरती सोडायची नाही, आणि तिच्यासाठी दारही लावायचं नाही. दुसरं जास्त कठीण आहे, असा माझा तरी अनुभव आहे.

शुभ दीपावली! चला, चहा घेऊ या.