बी.ए.चे नियम : मधल्या स्टेशनावर उतरण्यापूर्वी

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त आर.एम.एस. कर्मचाऱ्याने केलेले भाषण)



अभ्यासवर्गात आपण ड्युटीचे तास, वेतननिश्चिती, चार्जशीटला उत्तर कसे द्यावे यांवर बोलतो. आज मला विद्यापीठाच्या, त्यातही बी.ए.च्या नियमांवर बोलायला सांगितले आहे. कामगारांच्या सभेत हा विषय कशाला, असे कुणालाही वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात एक ट्रॅकमन साथी माझ्या घरी आला. हातात बदलीचा हुकूम होता. मुलगी इतिहास विषय घेऊन बी.ए.चे पहिले वर्ष पास झाली होती. तो म्हणाला, "दादा, आता एका वर्षाचंसुद्धा सर्टिफिकेट मिळतं म्हणे. नव्या गावात कॉलेज कुठं शोधत बसू? सर्टिफिकेट घेऊन पोरीला थांबवू का?" मी म्हटले, "प्रशासनाच्या कागदावर न वाचता सही करतोस का? मग इथंही करू नकोस." आम्ही दोघे नियम काढून वाचत बसलो. त्यातून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा काढला. महाराष्ट्रात तो २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आला. यात सगळा हिशेब श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा आहे. एका सत्रात १५ तास वर्गात शिकवणे म्हणजे एक श्रेयांक. पहिल्या वर्षाला ४०, दोन वर्षांना ८०, तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रात वर्षाला ४० ते ४४ अशी मर्यादा आहे.

आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी ६० मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे आहेत. बाकीचे भाषा, कौशल्याचे विषय, दुसऱ्या शाखेचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत वाटलेले आहेत. म्हणजे मुलगा इतिहासात हुशार आहे एवढ्याने भागत नाही. कौशल्याचे दोन श्रेयांक राहिले तरी पदवी अडते.

आता त्या सर्टिफिकेटकडे येतो. पहिल्या वर्षानंतर थांबले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स पदवी. पण नुसते पास होऊन प्रमाणपत्र मिळत नाही. ४० श्रेयांकांशिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पदविकेलाही अशीच अट आहे. थांबलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पुरी करावी लागते. रेल्वेतल्या मंडळींना मी एका शब्दात सांगतो : ही ब्रेक जर्नी आहे. मधल्या स्टेशनावर उतरता येते, पण मुदत संपली की तिकीट बाद.

आणि उतरून हाती काय लागते? २०२४ ची रेल्वे भरती मंडळाची एनटीपीसीची जाहिरात आठवा. तिच्यात दोन याद्या होत्या. स्टेशन मास्तर, मालगाडीचा ट्रेन मॅनेजर, सीनियर क्लर्क या जागांना पदवी हवी होती. ज्युनियर क्लर्क, ट्रेन्स क्लर्क, तिकीट क्लर्क या जागांना बारावी पुरत होती. एका वर्षाचे प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांची पदविका घेतलेला मुलगा कुठल्या यादीत बसतो? बारावीच्या. टपाल खात्यातही तेच. पोस्टल असिस्टंट आणि सॉर्टिंग असिस्टंटची थेट भरती पूर्वी बारावीवर होत असे. २०२२ पासून ती कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून होऊ लागली. ज्या टेबलावर मी उभा राहून नोकरी केली, तिथे थेट भरतीने यायला आता पदवी लागते. एकीकडे पदवीची गरज वाढली आणि दुसरीकडे मधले दार उघडले. ते दार आजारपणात, अडचणीत उपयोगी आहे, त्याला माझा विरोध नाही. पण पैशाच्या ओढाताणीने त्या दारातून आधी बाहेर पडणार ती आपलीच मुले, आणि त्यातही आधी मुली. म्हणून हा प्रश्न संघटनेचा आहे.

दुसरा मुद्दा बदलीचा. आपण अखिल भारतीय सेवेतली माणसे. आज भुसावळ, उद्या इटारसी, परवा सिकंदराबाद. २०२१ च्या नियमांनी श्रेयांकांची बँक सुरू झाली. तिला मुलाचे सर्व्हिस बुक समजा. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक तिच्यात नोंदले जातात आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. पण पदवी देणाऱ्या संस्थेतच निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे पहिल्या वर्षानंतरची बदली हिशेबात बसते, शेवटच्या वर्षातली बसत नाही. शिवाय नवे विद्यापीठ त्या बँकेत नोंदलेले हवे आणि विषयही जुळला पाहिजे. इकडे मराठी घेतलेल्या मुलाला तिकडच्या कॉलेजात पुढची मराठी मिळेलच असे नाही. हे सारे दाखला काढण्यापूर्वी विचारायचे असते, नंतर नाही.

तिसरा मुद्दा चौथ्या वर्षाचा. त्याची सक्ती नाही. तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवीच आहे. चौथे वर्ष केले तर पुढचे एम.ए. दोनऐवजी एका वर्षात होऊ शकते. पण संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तिसऱ्या वर्षी जागे होऊन ते जमत नाही.

मित्रहो, हे मी एवढ्या तळमळीने का सांगतो? मी रात्रीच्या सेक्शनवर, टपालाच्या डब्यात उभ्याने सॉर्टिंग करीत बहिःस्थ बी.ए. करत होतो. दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिले. देऊ सावकाश, असे म्हटले. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला. जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा कधी, याची सूचना विद्यापीठाच्या फलकावर लागली आणि निघूनही गेली. ते विषय नव्या पुस्तकांवरून पहिल्यापासून करावे लागले. पदवी चार वर्षे उशिरा हातात आली. लोकांची पत्रे वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामाची सूचना मिळाली नाही. दोष व्यवस्थेचा होताच, पण नियम न वाचण्याचा दोष माझा होता.

आपल्यातही अनेकांना अजून शिकायचे आहे. १९८५ चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्यासारख्यांसाठीही आहे. आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र ज्या वर्षी प्रवेश घ्याल, त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहा.

प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत अशी माझी सूचना आहे. जवळच्या विद्यापीठाच्या बी.ए.च्या नियमांची प्रत शाखेच्या कपाटात ठेवावी. प्रवेशाच्या दिवसांत एक कार्यकर्ता संध्याकाळी शाखेत बसवावा. आणि शाळा-कॉलेजाच्या सत्राच्या मध्यावर होणाऱ्या बदल्यांची प्रकरणे हाती घेताना मुलांचे कोणते सत्र बुडते आहे, हे अर्जात लिहावे.

त्या ट्रॅकमन साथीचे काय झाले, ते सांगून थांबतो. मुलगी आत्याकडे राहिली आणि त्याच कॉलेजात तिने दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला. घरखर्च दोन ठिकाणी झाला, ओढाताण झाली. बाप म्हणाला, "दादा, ओव्हरटाइम करीन, पण पोरीला मध्येच उतरवणार नाही." आपल्या वसाहतीतल्या प्रत्येक बापाला हे म्हणता यावे, यासाठी संघटना त्याच्या मागे उभी राहिली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!