कोंबड्यांचं खाद्य पावसाळ्यात जपताना

(जव्हार भागातील महिला बचत गटांसाठी पावसाळ्यापूर्वी झालेल्या कुक्कुटपालन शिबिरात केलेले भाषण)



सिस्टरनी मला खाद्याचा विषय दिला आहे. लसीचं तुम्ही सकाळी ऐकलंत. मका काळा पडला, कणीला बुरशी आली, भाताचा कोंडा खवट झाला, की आपण घरात काय म्हणतो? "टाक कोंबड्यांना." मोकळी फिरणारी गावठी कोंबडी त्यातून पुष्कळदा निभावते, कारण ती किडे, गवत, वाळवी असं दहा जागचं खाते. पण गटानं कर्ज काढून आणलेली वनराजाची किंवा गिरिराजाची पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे खुराड्यातच असतात. समोर ठेवाल तेवढंच त्यांचं अन्न.

बुरशीत एक विष तयार होतं, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. मका आणि शेंगदाण्याची पेंड यांत ते जास्त. ते पिल्लाचं यकृत खराब करतं. पिल्लू सुस्त होतं, वाढत नाही, आजाराशी लढायची ताकद जाते. मग मर लागली की आपण म्हणतो मानमोडी आली, नाहीतर कुणाची नजर लागली. खाद्याच्या पोत्याकडे शेवटी लक्ष जातं. शिकलेल्या लोकांचंही असंच झालं होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. आधी रोगाचं नावच कळेना. शोधता शोधता दोष निघाला तो बाहेरून आणलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत.

आता नीट ऐका. बुरशी आलेलं खाद्य उन्हात वाळवलं, चाळलं किंवा शिजवलं, तरी हे विष जात नाही. बुरशी दिसेनाशी होते, विष राहतं. म्हणून असं खाद्य पिल्लांना नको, मोठ्या कोंबड्यांना नको, शेळीलाही नको. खड्ड्यात पुरा. पोत्याचे पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, पण पन्नास पिल्लं गेली तर हप्ता कुठून भरणार?

घरचा मका भरताना तो वाळला आहे का, हे मिठानं कळतं. तव्यावर मीठ कोरडं भाजून गार करा. स्वच्छ, सुकी काचेची बाटली घ्या, तिसरा हिस्सा मका घाला, वर दोन-तीन चमचे मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा, परत हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, अजून वाळवा. सगळं मीठ खाली बसलं तर भरायला हरकत नाही. ही परीक्षा अख्ख्या दाण्याची. भरडलेल्या खाद्याला ती चालत नाही.

विकतचं पोतं ५० किलोचं असतं. पन्नास पिल्लं पहिल्या आठवड्यात दिवसाला अर्धा-पाऊण किलोच खातात. म्हणजे एका घरात ते पोतं महिनाभर उघडं राहणार. पावसात फोडलेलं पोतं पंधरा दिवसांत संपलं पाहिजे. तेव्हा तीन घरांनी मिळून एक पोतं फोडा. कुणी किती नेलं ते गटाच्या वहीत लिहा, म्हणजे भांडण नको. भाताचा कोंडा तर त्याहून थोडा थोडा आणा. त्यात तेल असतं, तो लवकर खवट होतो.

पोतं जमिनीवर ठेवू नका, शेणानं सारवलेल्या जमिनीवर तर नाहीच, कारण खालून ओल चढते. विटांवर फळ्या टाका, वीतभर उंच. कुडाच्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा. तिथे रोज झाडू फिरला पाहिजे. उंदराला आडोसा मिळाला की तो घर करतो. तो खातो थोडं आणि मुतून, लेंड्या टाकून नासवतो पुष्कळ. त्यातून कोंबड्यांना रोग लागतो, लेप्टोचा ताप माणसालाही येतो.

सगळ्यात चांगली घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी. थोड्या खाद्याला तेलाचा धुऊन वाळवलेला डबा चालतो. प्लॅस्टिक उंदीर कुरतडतो. कारखान्यातले वापरलेले ड्रम स्वस्त मिळतात, ते मात्र घेऊ नका. आत काय होतं ते विकणाराही सांगत नाही. कोठी सावलीत ठेवा. उन्हात पत्रा तापतो, रात्री गार होतो आणि झाकणाच्या आतून पाणी सुटतं. जुनं संपल्याशिवाय नवं ओतू नका. तळाशी पोरकिडे राहिले असतील तर ते नव्यात शिरतात. चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसं धुरानं टिकतात, ती आपली रीत चांगलीच आहे. भरडलेल्या खाद्याला तिचा उपयोग नाही.

आणि किडीसाठी बाजारातल्या धान्याच्या विषारी गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीनं त्यातून वायू सुटतो. आपण एकाच खोलीत झोपतो. त्या वायूवर उतारा नाही, आणि त्या गोळ्या वापरायची परवानगी फक्त शिकलेल्या माणसांना आहे. आपल्याला कडक ऊन, चाळण आणि रिकामी पुसलेली कोठी पुरे.

जेवण झाल्यावर मिठाची बाटली आपण इथेच करून बघू. ज्यांनी घरून मका आणला आहे त्यांनी पुढे बसा.