डब्यावर ७.१ लिहिलंय, पण कान दोनच आहेत

(भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलेत.)

एटापल्लीतून बोलून राहिलो. लाइट आहे, नेटवर्कच्या दोन कांड्या आहेत, म्हणजे भाग रेकॉर्ड करायला चांगला दिवस आहे.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून निघाला. आपल्याच तालुक्यातला श्रोता आहे, नाव सांगत नाही. तो म्हणतो, "दादा, यंदाच्या तेंदूच्या पैशातले दोन हजार मला भेटले. ऑनलाइन एक हेडसेट पाहिला. '७.१ सराउंड साउंड' लिहिलंय, लाल-निळे लाइट आहेत. बीजीएमआयमध्ये मागून कोण येते ते बरोबर आयकू येते म्हणे. घेऊ का?"

आता बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. तेंदूचे दोन हजार म्हणजे काय? मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. या दोन हजारांत अख्ख्या घराचे हात आहेत. म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मोबाइलवर खेळत असाल, तर ७.१ या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आता का, ते ऐका.

पिनवरच्या रेघा मोजा

७.१ म्हणजे काय? सात स्पीकर आणि एक जाड आवाजाचा, ज्याला सबवूफर म्हणतात. सिनेमाच्या हॉलमध्ये किंवा मोठ्या खोलीत हे सात स्पीकर तुमच्या भोवती ठेवतात. पुढे तीन, बाजूला दोन, मागे दोन. एकूण आठ वेगवेगळे आवाज.

आता तुमच्या घरातला कोणताही माईकवाला इअरफोन घ्या. त्याच्या पिनवर काळ्या किंवा पांढऱ्या रेघा दिसतील. तीन रेघा, म्हणजे धातूचे चार तुकडे. एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा, एक माईकचा आणि एक सगळ्यांचा सामाईक, ज्याला ग्राउंड म्हणतात. झालं! आठ आवाज जाणार कुठून? त्या वायरीतून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. डब्यावर ७.१ लिहा नाहीतर ७१ लिहा.

मग यूएसबीवाले ७.१ हेडसेट? त्यांच्या वायरीत छोटं साउंड कार्ड असतं, आणि सराउंडचं काम बहुतेक वेळा विंडोज कॉम्प्युटरवर टाकलेलं सॉफ्टवेअर करतं. तोच हेडसेट ओटीजी लावून मोबाइलला जोडला, तर चालला तर साधा स्टिरिओ म्हणून चालतो. नाहीतर चालतही नाही.

मग मागून आलेला कळतो कसा?

हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवायची गरजच नाही. उन्हाळ्यात सागाच्या वाळल्या पानांवर काही चाललं, तर आपण न पाहता सांगतो की डावीकडे आहे, उतारावर आहे, आणि गाय आहे की माणूस. आपल्याकडे तरी कुठे सात कान आहेत? दोनच आहेत.

डोकं दोन गोष्टी मोजतं. पहिली, वेळ. डावीकडचा आवाज आधी डाव्या कानात पोचतो, मग वळसा घालून उजव्या कानात. हा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्यापेक्षाही कमी. तेवढ्यावरून डोकं दिशा काढतं. दुसरी, जोर. लांबच्या बाजूच्या कानावर डोक्याची सावली पडते, म्हणून तिथे आवाज थोडा कमी येतो. ही दोन्ही कारणं लॉर्ड रॅली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडली.

पण ठीक समोरचा आणि ठीक मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच जोराने येतो. तिथे दोन गोष्टी कामी येतात. एक, कानाच्या पाळीचे बाहेरचे वळण. मागून, वरून, खालून येणारा आवाज त्या वळणांवर आपटून थोडा बदलतो आणि डोकं तो बदल ओळखतं. दुसरी, आपण नकळत मान थोडी वळवतो. मान वळली की फरक पडतो आणि कोडं सुटतं.

गेम बनवणारे याचीच नक्कल करतात. १९९४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'केमार' नावाच्या पुतळ्याच्या कानांत माईक बसवून ७१० जागांवरून येणारा आवाज मोजला होता. अशा मोजमापांवरून गणित तयार होतं की मागचा आवाज डाव्या-उजव्या कानात कसा पोचतो. हे गणित खेळाच्या आत किंवा सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्यातून शेवटी दोनच आवाज बाहेर पडतात, आणि ते ऐकायला साधा, चांगला स्टिरिओ हेडफोन पुरतो.

यात एक गोम आहे. ते गणित पुतळ्याच्या कानावरचं आहे, तुमच्या नाही. प्रत्येकाची पाळी वेगळी असते. म्हणून एकाच हेडसेटवर एक मित्र म्हणतो, "बे, एकदम मागून आला!" आणि दुसऱ्याला तोच आवाज समोरून वाटतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आता एक फुकटची युक्ती. हेडफोन घालून मान वळवली तर उपयोग नाही, कारण स्पीकरही मानेसोबत फिरतात. पण खेळातली मान तुमच्या अंगठ्यात आहे. पावलं ऐकू आली आणि पुढे की मागे कळलं नाही, तर कॅमेरा थोडा उजवीकडे फिरवा. आवाज डाव्या कानाकडे सरकला तर माणूस पुढे आहे, उजव्या कानाकडे सरकला तर मागे. दोन हजारांचा हेडसेट जे सांगणार होता, ते अंगठ्याने सांगितलं.

ब्लूटूथवाल्यांनी कान इकडे करा

बिनवायरचा मोह सगळ्यांनाच आहे. पण दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली, उशीर. साध्या ब्लूटूथवर आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. दोनशे धरा. हवेतून आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दोनशे मिलिसेकंदांत ६८ मीटर. तुम्ही गोळी झाडता समोर आणि ऐकता जणू ६८ मीटर लांब उभं राहून. गेमिंग मोडवाल्या इअरबड्सवर हा उशीर बराच कमी होतो, पण वायरीत तो जवळजवळ नसतोच. यूएसबी डोंगलवाले २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट उशिराच्या बाबतीत चांगले असतात, पण किंमत वाढते आणि चार्जिंग आलंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही स्क्वॉडमध्ये बोलायला ब्लूटूथचा माईक चालू केला, की बहुतेक हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातात. त्या मोडमध्ये आवाज एकच होतो, मोनो, आणि दर्जाही फोन कॉलचा होतो. डावं-उजवं संपलं! सराउंड तर सोडा, स्टिरिओही राहत नाही. आणि पोरगा म्हणतो, हेडसेट खराब निघाला. खराब नाही, त्याची रीतच तशी आहे. ब्लूटूथ असेल तर खेळताना शक्य असल्यास फोनचाच माईक वापरा.

आधी ही परीक्षा घ्या

नवीन घेण्याआधी जुना इअरफोन तपासून पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर बंद करा. डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मध्ये आहे का बघा. इक्वलायझरमध्ये बेस फुल केला असेल तर खाली आणा. धडामधुडूममध्ये पावलं बुडतात. आणि इअरफोनवर इंग्रजी एल डाव्या कानात, आर उजव्या कानात आहे ना, तेही बघा. हसू नका, उलटे घालणारे पुष्कळ आहेत.

मग मित्राला घेऊन खेळाच्या ट्रेनिंगच्या मैदानात जा. तुम्ही एका जागी उभे राहा आणि डोळे मिटा. मित्र तुमच्या पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे चालेल. तुम्ही बोटाने दिशा दाखवा. असं दहा वेळा करा आणि मोजा. नुसता अंदाज लावला तरी दहातले दोन-तीन बरोबर येतात. सात-आठ बरोबर आले तर तुमचा जुना इअरफोन काम करून राहिला, पैसे ठेवा. चारच्या खाली आले तर मित्राचा दुसरा इअरफोन लावून पुन्हा करा. फरक पडला तर नवीन घेण्यात अर्थ आहे. नाही पडला तर तुमचा फोन किंवा खेळ तेवढंच देतोय, हेडसेट बदलून काही होणार नाही. आणि पिंग ३०० असेल तर पावलं आयकू येईपर्यंत माणूस येऊन मारूनही गेलेला असतो. त्यावर कोणत्याच डब्यात इलाज नाही.

घ्यायचाच असेल तर

एक, वायरवाला घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाते. वायरवाल्याला चार्जिंग लागत नाही. लाल-निळ्या लाइटचा आवाजाशी काही संबंध नाही.

दोन, पिन बघा. फोनला गोल भोक आहे की फक्त टाइप-सी? गोल भोक असेल तर तीन रेघांची एकच पिन पाहिजे. दोन पिनांचा हेडसेट कॉम्प्युटरसाठी असतो, त्याला वेगळा जोड लागतो. फक्त टाइप-सी असेल तर खेळताना चार्जिंग कसं करणार, तेही आधीच ठरवा.

तीन, इम्पीडन्स. डब्यावर ओहममध्ये लिहिलेलं असतं. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन फोनवर नीट वाजतो. ५० एमएमचा ड्रायव्हर ४० एमएमपेक्षा चांगलाच असतो असं नाही. मोठा ढोल म्हणजे चांगला ढोल नव्हे.

चार, गादी. मे महिन्यात रेक्झिनची गादी कानाला चिकटते, आणि पावसाळ्यात तिची साल निघते. कापडाची किंवा जाळीची बघा. डोकं दाबत नाही ना, चष्म्याची काडी टोचत नाही ना, यासाठी दहा मिनिटं घालून बसा.

पाच, जमलं तर आलापल्ली नाहीतर अहेरीच्या दुकानात हाताने तपासून घ्या. आपला फोन न्या, पिन थोडी हलवून बघा की खरखरते का, आणि तिथूनच घरी कॉल लावून विचारा, आवाज कसा येते. बिघडलं तर दुकानदार समोर आहे. ऑनलाइन घेतलं तर पिनकोड टाकून परत घेतात की नाही ते आधी बघा. सर्व्हिस सेंटर म्हटलं की आपल्याला चंद्रपूर-नागपूरकडेच बघावं लागतं, आणि जाण्या-येण्यातच हेडसेटचे पैसे निघून जातात.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. विंडोजमध्ये 'विंडोज सोनिक' फुकट आहे, आधी ते लावून बघा, डॉल्बी ॲटमॉसला पैसे पडतात. आणि खेळाच्या आत ३डी आवाजाची सेटिंग चालू असेल तर बाहेरचं सराउंड बंद ठेवा. दोन्ही चालू ठेवले तर डाळीत दोनदा मीठ पडल्यासारखं होतं.

आणि आवाज किती?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धी. ९० वर गेलात की आठवड्याला फक्त ४ तास. लहान भावंडांसाठी तर सुरुवातच ७५ पासून. पावलं ऐकायला म्हणून आवाज फुल करता आणि नेमकी तेव्हाच कानाजवळ बंदूक वाजते. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्या कंपनी बदलून देत नाही.

आपल्यासाठी ही गोष्ट शहरातल्या पोरांपेक्षा मोठी आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारात फुलं वेचायला आपली माणसं जातात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. तिथे पानांचा आवाज कुठून आला हे ओळखणारा कानच माणसाला वाचवतो. सुरजागडच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक कसे येतात तेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून रस्त्यावर आणि जंगलात हेडफोन खिशात राहू द्या. तिथे दुसरी लाइफ नाही, आणि री-स्पॉनचं बटणही नाही.

ट्रेनिंगच्या मैदानातली परीक्षा करून पाहा आणि दहातले किती बरोबर आले ते व्हॉइस मेसेजवर सांगा. मराठीत सांगा, माडियात सांगा, तेलुगूत सांगा, चालते. पुढच्या भागात बघू की लाइट नसताना फोनची बॅटरी जास्त वेळ कशी टिकवायची.

जोहार!