शिकेकाईचे कुळ



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर भाषा शिकविली. म्हणून मी विषय घरगुती निवडला असला, तरी त्यात शिरणार आहे तो शब्दाच्याच दाराने. विषय आहे केस धुण्याचा.

मराठीत 'अंघोळ' आणि 'न्हाणे' यांत भेद आहे. अंघोळ रोजची, घरातील स्त्री 'न्हाली' असे म्हटले की डोक्यावरून पाणी घेतले, असा अर्थ निघतो. या न्हाण्याला लागणारी मुख्य वस्तू शिकेकाई. तिचे नाव 'शिखा' या संस्कृत शब्दाशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. बाजारात आपण सौतेकायी, बदनेकायी, तेंगिनकायी ही नावे रोज ऐकतो. 'कायी' म्हणजे कच्चे फळ, आणि सीगे नावाच्या काटेरी वेलीची शेंग ती 'सीगेकायी'. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि त्या रेषेचे दुःख या गावाने सोसले आहे. मीही सोसले आहे. तरीही नोंदवले पाहिजे की आपल्या आज्यापणज्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दाने न्हाल्या तो शब्द दक्षिणेचा आहे, आणि त्यामुळे त्यांचे मराठीपण तसूभरही उणावले नाही.

हीच शेंग ब्रह्मदेशात 'किनपून' म्हणून ओळखली जाते. तेथे ती तयॉ नावाच्या झाडाच्या सालीबरोबर भिजवतात, आणि नववर्षाच्या सणात वडीलधाऱ्यांचे मस्तक त्या पाण्याने धुणे हा आदराचा उपचार मानतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील होपी लोकांत युक्का या वनस्पतीचे मूळ कुटून त्याचा फेस काढतात. नवजात बालकाचे नाव ठेवताना त्याचे डोके या फेसाने धुतात. विवाहात वधूवरांचे केस एकत्र धुऊन त्यांच्या बटा एकमेकींत गुंफतात. आपला रिठा, ब्रह्मी लोकांची शेंग आणि होपींचे मूळ या तिन्हींत फेस आणणारे द्रव्य एकाच वर्गाचे आहे, सॅपोनिन. रिठ्याच्या 'सॅपिंडस' या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी 'भारतीय साबण'. एकमेकांची वार्ता नसलेल्या माणसांनी केवळ हाताने चोळून, डोळ्यांची आग सोसून हे शोधून काढले.

तेलाचेही तसेच. आपण तिळापासून निघाले ते तेल म्हटले आणि मग खोबऱ्याच्या स्नेहालाही तेच नाव दिले. युरोपने ऑलिव्हच्या फळावरून 'ऑइल' म्हटले. ज्याच्या डोक्यावर जे पहिले पडले, त्याचे नाव साऱ्यांना चिकटले!

'शाम्पू' हा शब्दही परका नव्हे. 'चाँपना', म्हणजे दाबणे. मालिशवाल्याची चंपी त्याच घरची. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने १८१४ साली इंग्लंडातील ब्रायटन येथे वाफेचे स्नानगृह काढले. त्याचे 'शाम्पूइंग' म्हणजे अंग रगडणे होते. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. आपण पाठविलेला शब्द अर्थ बदलून बाटलीतून परत आला.

येथवर सारे गोड आहे. पण आजीच्या बटव्याचा गौरव करणारे लेख वाचताना मला माझ्या वडिलांची आत्या आठवते. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा यांचे प्रमाण तिच्या हातात होते. रिठा कानाशी हलवून ती त्याची बी वाजते का ते पाही. खलबत्ता तिचा, वस्त्रगाळ करणे तिचे, न्हाणीघरात माझ्या बहिणींच्या डोक्यावर ऊन पाणी ओतणारे हात तिचे. तिचे स्वतःचे मस्तक मात्र आलवणाच्या पदराखाली मुंडित होते. ती बाराव्या वर्षी विधवा झाली होती. दर पंधरवड्यास मागल्या दाराने न्हावी येई, आणि त्या वेळी आम्हां मुलांना अंगणात पिटाळीत. ज्या विद्येचे आज आपण कौतुक करतो, ती कित्येक घरांत अशा स्त्रियांनी सांभाळली ज्यांना ती स्वतःच्या डोक्यावर वापरण्याची मुभा नव्हती.

याविरुद्ध उठलेला एक लक्षणीय आवाज हा कात्री-वस्तरा धरणाऱ्यांचाच होता. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून केलेला हा ठराव पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवा, असे माझे मत आहे.

शिकेकाईने टक्कल जाते, माक्याने पांढरे केस काळे होतात, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांत मी नाही. मळ निघतो आणि केस मऊ राहतात, एवढे पुरेसे आहे. मला चिंता आहे ती शब्दांची. मुख्याध्यापकांना विनंती अशी की, या दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलामुलींना एकेक वही द्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून न्हाण्यासंबंधीचे शब्द त्यांनी उतरवावेत. शब्द मराठी, कन्नड, कोंकणी की उर्दू, याची निवड करू नये. कोण कोणासाठी कुटत असे, हेही शेजारच्या रकान्यात लिहावे. त्या वह्या तपासायला मी आनंदाने येईन.