अद्भुताचे निर्वहण



कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरण्यापूर्वी ओसरीत एक शिलालेख लागतो. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी त्यात सांगतो की, हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. दावा मोठा, पण आत पाऊल टाकताच स्तंभांच्या रांगा, टोकाचा स्तूप आणि सुमारे दोन हजार वर्षे टिकलेल्या लाकडी कमानी त्याची साक्ष देतात. दाराने दिलेला शब्द अंतर्भाग पाळतो.

अद्भुत कादंबरीकडून वाचकाची एवढीच अपेक्षा असते. मराठीत मात्र आरंभीच अपेक्षाभंग झाला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. या परंपरेतील राजवाडे, कारस्थाने आणि ताटातुटी यांनी त्या पिढीला खिळवून ठेवले. पण पुढे? संकट आले की योगायोग धावून येतो, दुरावलेले आप्त नेमके भेटतात, सज्जनांना सुख आणि दुर्जनांना शासन मिळते. ज्याने काही गमावलेच नाही, त्याच्या विजयाचे मोल ते काय?

रिसबूड प्रामाणिक होते. आपल्या समाजात विवाहादी चालीच अशा की, रोजच्या जीवनात मनोरंजक काही घडत नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, अशी कबुली त्यांनी प्रस्तावनेत दिली. मेख येथेच आहे. जीवनात काही सापडत नाही म्हणून पत्करलेले अद्भुत ही पळवाट ठरते. आणि पळवाटेला मुक्काम नसतो. १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली, आणि आपल्याच घरातले जीवन कादंबरीचा विषय होऊ शकते, हे वाचकाला उमगले.

मग अद्भुत त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. भरतमुनींनी नाट्याचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पाच संधी सांगितले आणि अद्भुत रसाची योजना निर्वहणात करावी, असा दंडक घातला. मुखात पेरलेली बीजे जेथे एकत्र येतात, तेथे विस्मय हवा. आपल्या कादंबरीकारांनी तो आरंभीच उधळला.

१९९७ ते २००७ या काळात आलेले हॅरी पॉटरचे सात भाग आपली मुले मराठी अनुवादातूनही वाचतात. परकीय म्हणून नाक मुरडण्यापूर्वी एवढे पाहावे की, पहिल्या भागातील कपाळावरच्या खुणेचा उलगडा सातव्या भागापर्यंत चालतो. भरतमुनींचा दंडक तेथे पाळला गेला. आपण मात्र तो ग्रंथातच ठेवला.

तळेगावच्या गो. नी. दांडेकरांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ या १९५५ च्या कादंबरीत तुंग किल्ल्याचा परिसर उभा केला. तेथे जादू नाही, तरी वाचक भारावतो. कारण ती माणसे या मातीत रुजलेली आहेत. उद्या मावळातला एखादा तरुण लोहगड-राजमाचीच्या धुक्यातून अद्भुत कथा रचील. त्याने पहिले पान लिहिण्यापूर्वी शेवटचे पान मनाशी निश्चित करावे. वाचकाला दिलेला शब्द हेही एक वचनच आहे.